रुमालाखालचा पेढा

माझ्या ताईचं लग्न काकडीमुळे जमलं.

हे वाक्य आमच्या घरात उच्चारायला बंदी आहे. आई म्हणते, पत्रिका जुळली होती. ताईच्या सासरच्या आत्याबाई म्हणतात, घराणं जुळलं होतं. ताई म्हणते, तू तुझं काम कर. त्यामुळे वरचं वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. लग्न अजून जमायचं आहे, ताई अजून माहेरी राहून शाळेत पोरांना कवायत शिकवते आहे, आणि आमचे आप्पा कराडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात खुर्चीवर ताठ बसले आहेत.

"वाचा," डॉक्टर म्हणाले.

"काय वाचू?"

"समोरच्या भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षर."

"समोर भिंत हाय का?" आप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो काढणं त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता, पण रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम भरायची नाही. आधी साखर खाली आणा, मग या."

"साखर मी घरात हातात धरत न्हाई, डॉक्टर. चहासुदिक बिनसाखरेचा."

"मग ही एवढी आली कुठून?"

आप्पांनी मान खाली घातली. "लोकांच्या सुखातनं," ते म्हणाले.

ते खोटं नव्हतं. आम्ही राहायचो ती सोसायटी निवृत्त एसटीवाल्यांची. चालक, वाहक, मेकॅनिक, एक तिकीट तपासनीस (त्यांच्याशी अजूनही कुणी मोकळेपणानं बोलत नसे). आप्पा निवृत्त चालक, सोसायटीचे अध्यक्ष, आणि आमचं घर तळमजल्यावर फाटकाला लागून. म्हणजे कुणाच्याही घरी चांगली बातमी शिरायची ती आप्पांना ओलांडून. पोरगं पास झालं, पेढा. पोरीला नोकरी लागली, पेढा. नळाला पाणी आलं, पेढा. "आप्पा, तोंड गोड करा." एक घेतला की "एक नसतो घ्यायचा, जोडी घ्या." नको म्हणावं तर समोरच्याचा चेहरा असा पडायचा, की त्याची पोरगी नापास झालेली बरी. आप्पा जगात कशालाही घाबरत नसत. पसरणीच्या घाटात ब्रेक गेलेली गाडी त्यांनी हसत खाली आणली होती. पण पडलेला चेहरा त्यांना सोसत नसे. ते पेढा खायचे.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात ते सारखे डोळे चोळत होते. मला वाटलं, डोळ्यांची काळजी करतायत.

"मक्या," ते शेवटी म्हणाले, "डोळ्याचा दाखला मिळाल्याबिगर लायसन्स नवं करून देत न्हाईत."

"तुम्हाला आता लायसन्स कशाला हवंय, आप्पा?"

"सुलीचं वऱ्हाड कोण नेणार?"

आता कळलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पोरी सासरी पोचवल्या होत्या. मागे बायका रडतायत, पुढे आप्पा गिअर टाकतायत. स्वतःच्या पोरीच्या वऱ्हाडाची गाडी दुसऱ्या कुणी हाकावी, हे त्यांना स्वतःच्या घरात दुसऱ्या कुणी 'या, बसा' म्हणण्यासारखं वाटत होतं.

हे ताईला सांगितलं तेव्हा ती दोरीवरचे कपडे काढत होती. तिनं आप्पांकडे बघितलं. आप्पा तेव्हा दोरीवर उरलेल्या साडीला "या वहिनी, बसा" म्हणत होते.

"गाडी तुम्हीच चालवायची आप्पा," ताई म्हणाली. "पण मला सासरी जिवंत पोचायचंय."

आणि रविवारी तिनं सोसायटीची सभा बोलावली.

सभा पार्किंगमध्ये भरली. ताईच्या गळ्यात शाळेची शिट्टी होती. सचिव बापू शेडगे, निवृत्त वाहक, खुर्च्यांमधून फिरत "पुढं सरका, मागं उभं राहू नका, पुढं रिकामंच हाय" असं म्हणत होते. त्यांना तसं म्हटल्याशिवाय सभा सुरू झाल्यासारखी वाटत नसे.

"आजपासून सोसायटीत पेढे वाटायचे नाहीत," ताई म्हणाली. "आप्पांची साखर वाढली आहे. आणि फक्त आप्पांची नाही. हात वर करा, साखरेच्या गोळ्या कोण कोण घेतं?"

कुणीच हात वर केला नाही. ताईनं शिट्टी वाजवली. अर्धं पार्किंग वर झालं.

"पण पोरी," बापू म्हणाले, "पेढा बंद केला तर बातमी कळणार कशी? माझा नातू पास झाला आणि मी नुसतंच येऊन 'पास झाला' म्हणालो, तर कोण इश्वास ठेवंल? हातात काय तरी पायजे. तिकीट फाडल्याशिवाय प्रवास कसा व्हईल?"

हे सगळ्यांना पटलं. मग हातात काय द्यावं यावर चर्चा झाली. केळं गोडच असतं. चुरमुरे बाराव्याला वाटतात. शेंगदाण्यांना दात लागतात आणि सभेत ते मोजकेच होते. तेव्हा शेडगेकाकूंनी गच्चीवरून हाक मारली, की त्यांच्या वेलाला एवढ्या काकड्या लागल्यात की कुणी नेल्या नाहीत तर त्या रस्त्यावर टाकतील.

बापूंनी क्षणभर विचार केला. "काकडीला वास न्हाई, नखरा न्हाई, शत्रू न्हाई," ते म्हणाले. "काकडी घ्या."

ठराव झाला. चांगली बातमी असेल त्यानं काकडी वाटायची, सोबत चिमूटभर मीठ.

पहिली काकडी पवारांच्या पोरानं आणली. बारावी पास झाला होता. पण दारात अशी मान खाली घालून उभा राहिला, की आप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "जाऊ दे लेका, पुढच्या वर्षी."

"पास झालोय आप्पा."

"मग काकडी हसून दे की! किती पडलं?"

"अठ्ठावन्न टक्के."

आप्पांनी काकडी मोडली आणि अर्धी त्याला परत दिली. तिथून पद्धत पडली. साधा पास झाला तर अर्धी. फर्स्ट क्लासला अख्खी. डिस्टिंक्शनला मिठासोबत तिखटही. मोहित्यांच्या सुनेला जुळी झाली तेव्हा त्यांचा मुलगा जोडकाकडी शोधत अख्खी मंडई पालथी घालून आला, आणि मिळाली नाही म्हणून दोन काकड्या लाल दोऱ्यानं बांधून फिरला. तिकीट तपासनीसांनी स्कूटर घेतली आणि पुढे लिंबू-मिरचीशेजारी काकडी लटकवली. लोक प्रथमच त्यांच्याशी हसून बोलले.

माणूस सवयीचा प्राणी आहे असं आमच्या कॉलेजात सर सांगायचे. मला ते शेडगेकाकूंनी सिद्ध करून दाखवलं. एकदा भाजीवाला काकड्यांनी भरलेला गाडा घेऊन फाटकात आला. काकू गॅलरीतून खाली बघून किंचाळल्याच. "अगंबाई! एवढं काय झालं तुमच्याकडं? कुणाचं लग्न, का इलेक्शन?" भाजीवाला बावरला. पण काकूंनी खाली येऊन त्याचं अभिनंदन केलं, आणि तो जाताना म्हणाला, की त्याला बरं वाटलं.

आप्पा गोळ्या वेळेवर घेत होते, सकाळी माझा खांदा धरून चालत होते आणि लोकांचं सुख मीठ लावून खात होते. साखर उतरायला लागली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला. "आणखी एक तपासणी. अशीच राहिली तर ऑपरेशनची तारीख देतो."

नेमकं त्याच सुमाराला ताईला स्थळ आलं.

स्थळ साताऱ्याचं. मुलगा दातांचा डॉक्टर, नाव रणधीर. स्वभाव इतका गरीब, की दात काढायच्या आधी तो दाताची परवानगी घेत असावा. घराणं चांगलं, माणसं चांगली. अडचण एकच. घराणं पेढ्यांचं होतं. फडतरे कंदी पेढेवाले, तीन पिढ्या. खाली दुकान, वर रणधीररावांचा दवाखाना, मध्ये एकच जिना.

आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा मुलाचे वडील, भाऊसाहेब फडतरे, स्वतः पेढ्यांची बशी घेऊन आले. आईनं आम्हाला आधीच बजावलं होतं, की आप्पांच्या साखरेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मुलीच्या बापाला साखर म्हटल्यावर उद्या मुलीलाही होईल म्हणतील.

"ह्यांचा उपास आहे," आई म्हणाली.

"पेढा उपासाला चालतो," भाऊसाहेबांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आत्याबाईंनी सांगितलं.

"पेढ्याचाच उपास आहे," आई म्हणाली.

 भाऊसाहेबांनी बशी आत नेताना ती आजारी लेकरासारखी दोन्ही हातांनी उचलली.

बाकी सगळं छान झालं. आप्पांनी मुलाची कसून चौकशी केली. मुलगा उजवीकडे बसला होता, आप्पांनी डावीकडच्या फ्रीजकडे बघून विचारलं, "शिक्षण कुठं झालं?" उजवीकडून उत्तर आलं. "आवाज लांबनं येतोय, पण पोरगा धिप्पाड हाय," असं आप्पा परतीच्या गाडीत म्हणाले. ताईला मुलगा आवडला होता. ती ते बोलली नाही, पण कराड येईपर्यंत तिनं शिट्टीच्या दोरीला सात-आठ गाठी मारल्या आणि तितक्याच सोडल्या.

दोन दिवसांनी फडतऱ्यांचा फोन आला. मुलगी पसंत आहे, तुमचं काय ते कळवा.

आमच्या घरात आनंदाचा जो गोंधळ उडाला त्यात कुणाचंही डोकं जागेवर नव्हतं, एवढंच मी आमच्या बचावासाठी म्हणेन. आप्पा म्हणाले, "मक्या, फोनवर होकार देत असतात व्हय? जा, समक्ष देऊन ये. आणि रिकाम्या हातानं जाऊ नको." आईनं नवी टोपली काढली. शेडगेकाकूंनी वेलावरच्या सगळ्यात कोवळ्या काकड्या तोडून दिल्या. आईनं प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. बापूंनी मिठाची पुडी बांधली आणि अशा प्रसंगी कंजुषी नको म्हणून तिखटाचीही बांधली. अख्खी सोसायटी मला फाटकापर्यंत सोडायला आली. त्या एवढ्या माणसांत एकाच्याही मनात आलं नाही, की जगात इतरत्र काकडी ही भाजी समजली जाते.

माझ्याही नाही.

दुकानात गर्दी होती. मी टोपली बरोबर काउंटरच्या मध्यभागी, पेढ्यांच्या दोन परातींच्या मध्ये ठेवली आणि तोंडभर हसलो.

"भाजी आपण घेत नाही," भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले. "पुढच्या गल्लीत खानावळ आहे."

"काका, मी मकरंद. इंगवल्यांचा."

"अरे! या, या पाव्हणं! काय निरोप?"

"होकार आणलाय."

"वा! कुठाय?"

"हा काय," मी टोपलीकडे हात केला.

भाऊसाहेबांनी टोपलीत बघितलं. मग माझ्याकडे. मग परत टोपलीत, होकार खाली कुठे दबला असेल म्हणून. आत्याबाई खुर्चीतून उठून आल्या. त्यांनी एक काकडी उचलली, तिच्यावरचं हळदकुंकू बघितलं आणि त्यांचा आवाज थंड झाला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पेढेवाल्याच्या दारात काकडी पाठवलीय. वर तिखटाची पुडी. कळलं का काय म्हणायचंय त्यांना?"

मला अजून कळलं नव्हतं, पण वातावरण बिघडतंय एवढं कळलं. म्हणून मी समजावून सांगायला गेलो. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी मी समजावून सांगायला गेल्यावर बिघडल्या आहेत.

"गैरसमज नको, काका. आमच्याकडे पेढ्यांवर बंदी आहे."

भाऊसाहेबांनी हातातला तराजू खाली ठेवला.

"बंदी?" भाऊसाहेब म्हणाले.

"म्हणजे ठरावच झालाय. एकमतानं. पेढ्यानं डोळे जातात ना."

एका बाईनं घेतलेला पेढा हळूच परातीत परत ठेवला. तिच्या शेजारच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि बोर्डाकडे एकेक डोळा मिटून बघितलं. "एक किलो म्हणालो होतो ते पाव करा," ते म्हणाले.

भाऊसाहेब काउंटरमागून बाहेर आले. हा माणूस रोज सकाळी स्वतःच्या हातचे पाच पेढे खायचा आणि त्याला साखर सोडा, साधी सर्दी नव्हती.

"घरी सांगा," ते अगदी हळू म्हणाले, "उद्या सकाळी मी येतोय. पेढे घेऊन. तुमच्या वडलांनी माझ्या हातचा एक पेढा खाल्ला, तर सोयरीक. नाही खाल्ला, तर रामराम."

"आणि काकड्या?" मी विचारलं.

"काकड्या घेऊन जावा!"

टोपली घेऊन मी एसटीत बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठल्या देवाला निघालाय?"

घरी जाऊन सगळं सांगितलं. आई खाली बसली. आप्पा मात्र शांत होते. "एक पेढा," ते म्हणाले. "एकानं काय हुतंय."

"एकानं कधी झालंय आप्पा?" ताई म्हणाली. "हा खाल्ला की साखरपुड्याला दुसरा. मग हळदीला. मग दिवाळसणाला. पेढेवाले व्याही आहेत ते. आणि परवा तुमची तपासणी आहे."

"तुझं लगीन महत्त्वाचं का माझी तपासणी?"

ताई वळली. आत गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेली होती.

सकाळी फडतऱ्यांची जीप फाटकात आली. बापू शेडगे खांद्याला जुनी चामडी बॅग अडकवूनच उभे होते.

"पेढे आत जाणार न्हाईत," बापू म्हणाले. "ठराव हाय. लगेज म्हणून हितं ठेवा, उतरताना न्या."

"मी उतरलोच आहे!" भाऊसाहेब ओरडले.

"आप्पांनी एकच सोडायला सांगितलाय," मी आतून धावत येऊन म्हणालो. बापूंनी खोका उघडला, एक पेढा मोजून भाऊसाहेबांच्या तळहातावर ठेवला आणि खोका ताब्यात घेतला. भाऊसाहेब पेढा हातावर धरून आमच्या घरात शिरले. मागे आत्याबाई, त्यांच्यामागे रणधीरराव. खिडक्यांना सोसायटी लागली होती.

आप्पा खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा सदरा, हातात घडी केलेला रुमाल.

"पाव्हणं," भाऊसाहेब पेढा पुढे करून म्हणाले, "तीन पिढ्यांचा धंदा आहे आमचा. साताऱ्यात लग्न आमच्या पेढ्याशिवाय होत नाही. तुम्ही काकडी पाठवली. का, ते मी विचारत नाही. हा पेढा घ्या आणि विषय संपवा."

आप्पांनी हात पुढे केला. तो भाऊसाहेबांच्या हाताच्या वीतभर डावीकडून गेला आणि हवेतला पेढा चाचपू लागला. आत्याबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी हात मुकाट्यानं डावीकडे सरकवला. पेढा आप्पांच्या बोटांना लागला. त्यांनी तो उचलला. तोंडाजवळ नेला.

ताईनं शिट्टी वाजवली.

आमच्या त्या एवढ्याशा खोलीत ती अशी वाजली, की आत्याबाई सावधानमध्ये उभ्या राहिल्या.

"आप्पा, थांबा," ताई म्हणाली. "काका, आप्पांना साखर आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही तर लायसन्स नाही. माझ्या वऱ्हाडाची गाडी त्यांना चालवायचीय. त्यांनी हा पेढा खाल्ला, तर मला हे लग्न नको."

"आणि नाही खाल्ला तर मला नको," भाऊसाहेब म्हणाले. ते रागानं म्हणाले नाहीत. शब्द देऊन बसलेल्या माणसासारखे म्हणाले.

म्हणजे आता पेढा खाल्ला तरी लग्न मोडत होतं आणि नाही खाल्ला तरी मोडत होतं. खिडकीतून बापू पुटपुटले, "दोन्हीकडनं फुल्ल." आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. रणधीरराव ताईकडे बघत होते आणि ताई भिंतीकडे बघत होती.

आप्पा पेढा हातात धरून बसले होते. मग त्यांनी चाचपडत समोरचं टेबल शोधलं. पेढा टेबलावर ठेवला. हातातला घडीचा रुमाल उघडला, झटकला आणि पेढ्यावर टाकला.

"रुमाल टाकलाय," आप्पा म्हणाले.

कुणाला काही कळेना.

"पाव्हणं, हा पेढा मी घेतला. न्हाई म्हणालो का? न्हाई. ह्यो माझाच. फकस्त बसायला आत्ता येत न्हाई, गाडी लागली की येतो. तवर रुमाल टाकलाय."

भाऊसाहेब रुमालाकडे बघत राहिले. तो माणूस तरुणपणी पेढ्याचे डबे डोक्यावर घेऊन एसटीनं गावोगाव फिरला होता. गर्दीच्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून त्यानं जागा धरल्या होत्या आणि दुसऱ्याचा रुमाल दिसला म्हणून सांगलीपर्यंत उभ्यानं प्रवासही केला होता. महाराष्ट्रात माणूस भावाची जमीन बळकावील, पण रुमाल टाकलेल्या जागेवर बसणार नाही.

"रुमाल टाकलाय म्हटल्यावर..." भाऊसाहेब म्हणाले आणि आत्याबाईंकडे वळले.

आत्याबाई पुढे आल्या. वाकून त्यांनी रुमालाची चारी टोकं तपासली. "स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण रुमाल टाकून माणूस आलाच नाही तर?"

"गाडी सुटंपर्यंत जागा त्याची!" बापूंनी खिडकीतून निर्णय दिला. "आणि गाडी कवा सोडायची ते वाहक ठरवतो."

"झालं तर मग," आप्पा म्हणाले. "तुमचा पेढा मी घेतला. आता आमचा होकार तुम्ही घ्या. सुली, आण."

ताईनं ताटली आणली. भाऊसाहेबांनी काकडीकडे बघितलं तेव्हा त्यांच्या तीन पिढ्या त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना दिसल्या. त्यांचा हात काही पुढे येईना. तेवढ्यात खोलीत 'करर्र' असा आवाज झाला. रणधीररावांनी अख्खी काकडी उचलून चावा घेतला होता. ते मुकाट्यानं चावत राहिले. आम्ही सगळे थांबलो.

"हिरड्यांना फार चांगली असते," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांनी स्वतःहून बोललेलं ते पहिलंच वाक्य. मग त्यांनी ताईला विचारलं, "मीठ आहे का?"

ताई लाजली. मिठावरून लाजलेली मुलगी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

भाऊसाहेबांनी सुस्कारा टाकला, एक फोड उचलली, खाल्ली. थोडा वेळ विचार केला. "खवा भाजून घातला असता तर..." ते म्हणाले आणि दुसरी उचलली.

ऑपरेशन झालं, पहिला डोळा मग दुसरा. पट्टी काढली तेव्हा सगळे भोवती उभे होते. आप्पांनी आईला बघितलं, ताईला बघितलं, मला बघून "वाळलास" म्हणाले. मग रणधीररावांपाशी येऊन थांबले.

"ह्ये कोण?"

"जावई तुमचे," आई म्हणाली.

"आणि मी पसंत केला तो धिप्पाड?"

"तो फ्रीज होता, आप्पा," मी म्हणालो.

आप्पांनी रणधीररावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असू दे," ते म्हणाले. "ह्येच बरं. फ्रीजला वीज लागती."

आणि वऱ्हाड त्यांनीच नेलं. ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याची गाडी, नवं लायसन्स खिशात, मागे अख्खी सोसायटी. बापूंनी दारात उभं राहून डबल बेल दिली. गाडीत बेल नव्हती. त्यांनी तोंडानं दिली. ताई आप्पांच्या बरोबर मागे बसली होती. उंब्रजच्या पुढे मी बघितलं, आप्पांची नजर सारखी वरच्या आरशात जात होती. आरशात ताई होती. मुंडावळ्या, नाकात नथ, सगळं लख्ख. ताईचं लक्ष गेलं. तिनं डोळे पुसले आणि शिट्टी वाजवली.

"समोर बघा, आप्पा!"

"दिसतंय गं," आप्पा म्हणाले. "आता समदं दिसतंय."

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मध्यंतरी मी साताऱ्याला गेलो होतो. दुकानातल्या काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर एक बशी आहे. बशीत एक पेढा, पेढ्यावर आप्पांचा रुमाल. भाऊसाहेब रोज सकाळी त्याखालचा पेढा बदलतात. आदल्या दिवशीचा आत्याबाई खातात, त्यांना नव्वदीतही काही होत नाही. आप्पांनी तो पेढा अजून खाल्लेला नाही. आता कुणीही पेढा पुढे केला, की ते हात जोडतात आणि म्हणतात, "घेतला असता, पण माझा एक फडतऱ्यांकडं धरून ठेवलाय. तो झाल्याबिगर दुसरा कसा घेऊ?" समोरच्याचा चेहरा पडत नाही. उलट तो आदरानं मागे सरकतो. जगात कशालाही न घाबरणाऱ्या माणसाला फक्त 'नको' म्हणायला एवढी वर्षं काहीतरी हवं होतं, आणि ते त्याच्या खिशातच घडी करून ठेवलेलं होतं.

हे पसरलं. आता त्या फळीवर रांगेनं रुमाल आहेत. अर्ध्या कराडनं रुमाल टाकलेत. भाऊसाहेब मला म्हणाले, "पाव्हणं, न खाल्लेल्या पेढ्यांना एवढी मागणी येईल असं वाटलं नव्हतं."

मी आप्पांना विचारलं, "पण तुमचा तुम्ही खाणार कधी?"

"गाडी सुटताना," ते म्हणाले, आणि काकडीला मीठ लावलं.

तरी संबंधित खात्यास नम्र विनंती, की रुमाल टाकून धरलेली जागा गाडी सुटेपर्यंत त्या प्रवाशाचीच असते हा सर्वमान्य प्रघात ध्यानी घेऊन, श्री. दत्तोबा इंगवले, निवृत्त चालक, यांचा सदर पेढा त्यांच्या नावे राखीव ठेवण्यात यावा. कोणत्याही बारशाला, निकालाला अथवा सणावाराला तो अन्य प्रवाशास देऊ नये. आणि त्यांची गाडी शक्य तेवढी उशिरा सोडावी, जमल्यास रद्द करावी.